घरी जाऊन चहा पी

सुरतेच्या गोडादऱ्यात पुष्पाबाईंचं घर विचारलंत तर कुणी पटकन सांगणार नाही. 'सोनोग्राफीवाली बाई' म्हणा, मग शेंबडं पोरसुद्धा तुम्हाला थेट दारात आणून सोडेल. पर्वत पाटियाच्या चौकात साड्यांच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या टेम्पोंमधून वाट काढत एक जिना चढलं की एक सोनोग्राफी सेंटर लागतं. तिथं पुष्पाबाई कितीतरी वर्षं कामाला आहेत. काम तसं साधं. बाईमाणसाला आत घ्यायचं, पलंगावर निजवायचं, अंगावर चादर टाकायची, जेलची बाटली डॉक्टरांच्या हाताशी ठेवायची आणि तपासणी होईतो पलंगाच्या उशाशी उभं राहायचं. डॉक्टर नाणावटी पडले पुरुषमाणूस. खोलीत दुसरी बाई असल्याशिवाय ते बायकांना तपासत नाहीत. ती दुसरी बाई म्हणजे आपल्या पुष्पाबाई.

मूळच्या त्या मलकापूरकडच्या. लग्न होऊन सुरतेत आल्या तेव्हा नवरा, सखाराम, कापडाच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होता. त्यानं उभा जन्म लूमवर काढला आणि त्या खडखडाटात दोन्ही कान घालवले. आता सखाराम एका गोदामाच्या फाटकावर वॉचमन आहेत. बहिरा वॉचमन ठेवणारा शेठ काय लायकीचा पगार देत असेल ते सांगायला नको. त्यामुळे घर चालतं ते पुष्पाबाईंच्या उभं राहण्यावर.

सोनोग्राफीच्या धंद्यात पहिला नियम तोंड बंद ठेवण्याचा. पोटात मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा आहे, तशी पाटी दारावरच लावलेली. गल्लीतल्या बायकांनी पुष्पाबाईंना फोडायचे काय कमी प्रयत्न केले? एकीनं तर सासूला बरोबर आणून नवी कोरी साडी पुढे केली होती. पुष्पाबाईंनी तीच साडी सासूच्या खांद्यावर टाकली आणि दोघींना जिन्यापर्यंत पोचवून आल्या. त्या दिवसापासून त्यांच्याबद्दल गल्लीत जो आदर होता, तो नगरसेवकाच्या वाट्यालाही कधी आला नाही.

छातीतल्या गाठींचं मात्र वेगळं होतं. साध्या सोनोग्राफीत गाठ नुसती करडी-काळी दिसते. गाठ आहे एवढं कळतं, पण ती भली की बुरी हे दर वेळी त्या करड्या चित्रावरून कळेलच असं नाही. मग डॉक्टर एक बटण दाबत. गाठीवर चौकोन उमटे आणि चौकोनात रंग भरत जात. ती गाठ किती घट्ट आहे ते दाखवणारे ते रंग. भली गाठ बहुधा नरम असते, वाईट गाठ बहुधा कठीण. एकदा एका शिक्षकानं बायकोबद्दल फार खोदखोदून विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी त्याला पिकलेला पेरू आणि कच्चा पेरू असं करून समजावलं होतं. पुष्पाबाईंनी तो पेरू मनात जपून ठेवला. निळं म्हणजे नरम, लाल म्हणजे कठीण. 'बहुधा' हा शब्दही डॉक्टर दोनदा बोलले होते, तो मात्र त्यांनी तिथंच सोडून दिला. पडद्याच्या कडेला रंगांची एक उभी पट्टी असे, तिच्या वर-खाली इंग्रजीत बारीक काहीतरी लिहिलेलं असे. पुष्पाबाईंचं आणि इंग्रजीचं कधी जमलंच नाही. आणि रंग डोळ्यांना सरळ दिसतोय म्हटल्यावर अक्षरं कोण बघत बसतो?

डॉक्टर खोलीत कुणाला काही सांगत नसत. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळे, तो घेऊन ज्या डॉक्टरनं पाठवलं त्याच्याकडे जायचं, ही तिथली रीत. पण पलंगावरच्या बाईला एक अख्खी रात्र काढायची असते. ती डॉक्टरांकडे बघत नाही, पडद्याकडे बघत नाही, उशाशी उभ्या असलेल्या बाईच्या तोंडाकडे बघते. ते डोळे पुष्पाबाईंना टाळता यायचे नाहीत. मग त्यांनी आपली एक पद्धत पाडली. पडद्यावर निळं दिसलं की जेल पुसताना त्या म्हणायच्या, "ऊठ माय, घरी जाऊन चहा पी." लाल दिसलं तर काही न बोलता पुसायच्या, आणि बाईला दंडाला धरून सावकाश खाली उतरवायच्या. यात काय सांगितलं? चहा प्यायला सांगणं हा गुन्हा आहे का? असं त्या स्वतःलाच विचारत आणि स्वतःच 'नाही' म्हणत. गुपित कितीही झाकलं तरी बायकांना वास लागतोच. पुष्पाबाईंनी चहा प्यायला सांगितलं की घोर मिटला, ही गोष्ट गोडादऱ्यात सगळ्या बायकांना ठाऊक झाली. आणि ते दर वेळी खरंही ठरत गेलं, त्यामुळे त्यांनाही आपला थोडा गर्व वाटायला लागला होता.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी जुनी मशीन गेली आणि नवी आली. दसऱ्याला तिला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, सगळ्यांनी मिळून फाफडा-जलेबी खाल्ली. कंपनीचा माणूस दिवसभर डॉक्टरांशी इंग्रजीत बोलत बसला होता. जेल पुसणाऱ्या बाईला मशीनचे रंग समजावून सांगायचे असतात, हे त्याच्या डोक्यात कशाला येईल? डॉक्टरांच्याही आलं नाही. पुष्पाबाईंना नव्या मशीनमध्ये एवढाच फरक दिसला की पडदा मोठा झालाय.

आता कुसुमबद्दल सांगायला हवं. कुसुम पुष्पाबाईंच्या भिंतीला भिंत लावून राहणारी. तीही मलकापूरकडचीच, वयानं बरीच लहान. नवरा दत्तू लूमवर, मुलगी अश्विनी दहावीला. कुसुम घरबसल्या साड्यांना खडे लावायची. डिंकाची वाटी आणि खड्यांची पुडी घेऊन ती दारात बसली की पुष्पाबाई कामावरून येताना पहिल्यांदा तिच्याच उंबऱ्यावर टेकायच्या. स्वतःला मूलबाळ नाही. कुसुमनं 'पुष्पाबाई' म्हणून हाक मारली की त्यांना आपली धाकटी बहीण हाक मारतेय असं वाटायचं, आणि हे त्या कुणाहीजवळ उघड बोलून दाखवायच्या.

दिवाळीच्या तोंडावर एक दिवस कुसुमनं त्यांना आत बोलावून घेतलं.

"मले अठी काहीतरी हाताले लागते व, पुष्पाबाई. दुखत तं नाई."

"दुखत नाई म्हणूनच दाखवा लागते," पुष्पाबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतः हात लावून पाहिला. छातीत डाव्या बाजूला, बोराएवढं काहीतरी होतं. दुसऱ्याच दिवशी त्या तिला ओढत चौकातल्या लेडी डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तिनं तपासलं आणि सोनोग्राफी लिहून दिली, गाठीचा कडकपणा मोजायचा असंही लिहिलं.

कुसुमचा जीव दुसरीकडे अडकला होता. दिवाळीला तिला माहेरी जायचं होतं आणि तुळशीचं लग्न झालं की भावाच्या मुलीचं लग्न होतं. लग्न होईपर्यंत राहा म्हणून भावानं दहादा फोन केला होता. किती वर्षांनी ती माहेरच्या लग्नाला जाणार होती. "काही निघालं तं मी जात नाई," ती जिना चढताना म्हणाली, "अठीच राहून काय ते करून घेऊ. नाई निघालं तं मग बिनघोर जाऊ." म्हणजे तिनं सगळं त्या एका तपासणीवर सोडलं होतं.

पलंगावर निजल्यावर कुसुमनं डोळे पुष्पाबाईंच्या तोंडावर लावले. "पुष्पाबेन, लाइट जरा ओछी करो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी दिवा बारीक केला. डॉक्टरांचा हात फिरायला लागला. एका जागी तो थांबला, मग काखेत गेला, परत आला, पुन्हा काखेत गेला आणि तिथं रेंगाळला. डॉक्टरांचा हात काखेत दोनदा जातो तेव्हा लक्षण बरं नसतं, हे पुष्पाबाईंना इतक्या वर्षांत कळून चुकलं होतं. तेवढ्यात डॉक्टरांनी बटण दाबलं, चौकोन उमटला, आणि गाठ सगळीच्या सगळी निळी झाली. लालाचा ठिपकासुद्धा नाही. पुष्पाबाईंनी देवाला हात जोडले. काखेतला हात त्या विसरून गेल्या. खरं तर विसरल्या नाहीत, त्यांना तो नकोच होता. माणसाला हवं ते दिसलं की तो दुसरीकडे बघायचं सोडून देतो, तसं झालं.

"रिपोर्ट काले लई जजो ने डॉक्टरने बतावी देजो, भूलता नहीं," डॉक्टर कुसुमला म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. पण रिपोर्ट उद्या न्या आणि डॉक्टरांना दाखवा, विसरू नका, हे वाक्य ते येणाऱ्या प्रत्येकीला म्हणत. त्यात कुणाला काही वेगळं ऐकू येत नसे.

पुष्पाबाईंनी कोमट पाण्यात फडकं पिळलं. कुसुम श्वास धरून पडली होती.

"ऊठ माय," पुष्पाबाई म्हणाल्या, "घरी जाऊन चहा पी." आणि मग, इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. खाली वाकून तिच्या कानाशी म्हणाल्या, "निळं आहे सारं. जाय गावाले. लग्न करून ये."

कुसुम तिथंच रडली. मग हसली. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आणायला कुणी गेलंच नाही, कारण गाडी पहाटेची होती आणि रिपोर्टात काय आहे ते तर कळलेलंच होतं. सुरत दिवाळीला रिकामी होते, लूम बंद, मार्केट बंद. गोडादऱ्यातली निम्मी कुलपं गावाला गेली, त्यात कुसुमचंही एक होतं. जाताना तिनं पुष्पाबाईंच्या हातात तुळशीची कुंडी दिली, पाणी घाल म्हणून.

दिवाळीनंतर लाभपाचमेला, सुरतेतली दुकानं पुन्हा उघडतात त्या दिवशी, सेंटर उघडलं. दोन-तीन दिवस गेले असतील, एक कॉलेजची मुलगी आईबरोबर तपासणीला आली. डॉक्टरांनी बटण दाबलं आणि पडद्यावर लालभडक चौकोन उमटला. एवढीशी पोर. पण डॉक्टर हसून तिच्या आईला म्हणाले, "कांई नथी बेन, पोची गांठ छे. छ महिना पछी बतावी जजो." डॉक्टर एरवी खोलीत बोलत नसत, पण पोर हुंदके द्यायला लागली होती, म्हणून बोलले असावेत.

पोची म्हणजे नरम. एवढं गुजराती पुष्पाबाईंना झोपेतही कळलं असतं. लाल आणि नरम? त्यांनी मुलीला उठवलं, पुसलं, दाराबाहेर सोडलं. मग हातातलं फडकं तसंच धरून परत आल्या.

"साहेब, ते लाल होतं ना?"

डॉक्टर टाइप करत होते. "आमां ऊंधुं छे, पुष्पाबेन. जूनामां लाल एटले कठण, आमां ब्लू एटले कठण. कंपनीए कंपनीए फेर होय." मग त्यांनी मान वर केली. "केम?"

"काही नाही, साहेब. अस्संच."

नव्या मशीनमध्ये सगळं उलटं होतं, निळं तेच कठीण. त्या बाहेर येऊन पाण्याच्या माठाजवळ उभ्या राहिल्या. कुसुम तर होतीच. पण दसऱ्यापासून आणखी कितीजणींना त्यांनी चहा प्यायला सांगितलं होतं? हिरव्या काठाची साडी नेसलेली एक बाई आठवली, कतारगामहून आलेली, चहाचं ऐकून तिनं पुष्पाबाईंचे हात धरले होते. आणि कितीजणींना उगीच दंडाला धरून, मुक्यानं, मरणाच्या वाटेला लावल्यासारखं खाली उतरवलं होतं? त्या निदान रिपोर्ट बघून सुटल्या असतील. चहावाल्या बायकांचं काय? त्यांनीही रिपोर्ट नेलाच असेल, सगळ्या काही कुसुमसारख्या पहाटेच्या गाडीनं गेल्या नसतील, असं त्या मनाला समजावत राहिल्या. मन काही समजत नव्हतं. त्यांना ना त्यांची नावं माहीत होती, ना घरं.

त्यांनी कुसुमला फोन लावला. पलीकडून जात्यावरची गाणी, हसणं, पोरांचा गोंधळ ऐकू येत होता. हळद दळायचा कार्यक्रम चालू होता.

"कुसुम, तो रिपोर्ट न्यायचा राहिला ना व. लवकर ये बरं."

"कायचा रिपोर्ट? तूच तं सांगतलं सारं बरोबर आहे म्हणून." कुसुम हसली. "तुले माह्याबिगर करमत नाई वाटते."

तिकडे कुणीतरी तिला हाक मारली. "लग्न आटपलं की येतोच आम्ही," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

सांगायचं असतं तर त्याच वेळी सांगता आलं असतं. पण हळदीच्या घरात, बायकांच्या गराड्यात, फोनवर, 'तुझी गाठ कठीण आहे' हे कसं सांगायचं? आणि कशाच्या जोरावर? रंग उलटे होते, एवढंच त्यांना ठाऊक. गाठ वाईटच आहे असं तर डॉक्टरही नुसत्या रंगावरून म्हणत नाहीत, सुई घालून तुकडा काढतात आणि तपासायला पाठवतात. शिवाय, खोटं कशाला बोला, नोकरीची भीतीही होतीच. तोंड उघडलं हे डॉक्टरांना कळलं तर उभं राहायची ती जागासुद्धा गेली असती, आणि घरी बहिऱ्या नवऱ्याचा पगार. म्हणून त्या काउंटरवरच्या शर्वरीकडे गेल्या. शर्वरी बँकेतल्या साहेबांची मुलगी, शिकलेली, मनानं चांगली. "माझ्या शेजारणीचा रिपोर्ट पडून आहे, तू जरा सेंटरकडून फोन कर ना, जोर देऊन सांग," एवढंच त्यांनी तिला सांगितलं. शर्वरीनं फोन केला. सेंटरच्या वहीत नंबर दत्तूचा होता. दत्तू म्हणाला, हो हो, आल्यावर नेतो. शर्वरीनं पुन्हा केला तर फोन लागेना. शेतात रेंज नसायची.

त्या दिवशी पुष्पाबाईंना राहवेना. त्यांनी सखारामांपुढं ताट वाढलं आणि सगळं सांगून टाकलं, अगदी पहिल्यापासून. सखाराम तोंडाकडे बघत ऐकत होते. त्यांना अर्धंमुर्धंच कळलं असावं. सगळं झाल्यावर ते म्हणाले, "मग बरंच झालं ना, लग्नाले गेली ते." पुष्पाबाईंनी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. दुसरं काय करणार?

रोज सकाळी त्या कुसुमच्या तुळशीला पाणी घालायच्या आणि रोज फोन लावायच्या. कधी लागायचा, कधी नाही. लागला की कुसुम घाईत असायची. लग्न झालं. मग भावजय आजारी पडली म्हणून कुसुम चार दिवस आणखी राहिली. पुष्पाबाई म्हणायच्या "ये ना व लवकर", आणि ती म्हणायची "येतो ना व, काऊन जीव टांगते?" ज्या तोंडानं तिला निश्चिंत केलं होतं, त्याच तोंडाचं घाबरणं तिला आता खरं वाटत नव्हतं.

कुसुम परत आली तेव्हा सुरतेत थंडी पडायला लागली होती. गालावर माहेरचं तेज होतं, पिशवीत पापड आणि लाडू होते. पुष्पाबाईंनी तिला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. तशीच सेंटरवर नेली, रिपोर्ट घेतला, लेडी डॉक्टरकडे नेली. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, तारीख पाहिली आणि कुसुमकडे बघत म्हणाल्या, "इतने दिन कहाँ थी?" मग सुईची तपासणी झाली. आठवड्यानं उत्तर आलं. कॅन्सर होता, आणि काखेतल्या गाठीतही पोचला होता.

सरकारी दवाखान्यात उपचार सुरू झाले. आधी सलाइनमधून औषध, मग ऑपरेशन, असं ठरलं. बायकांच्या वॉर्डात पुरुषाला येऊ देत नाहीत, दत्तूचा तर कामाचा दिवस चुकला की त्या दिवसाची मजुरी बुडायची, अश्विनीची परीक्षा तोंडावर. मग सोबत कोण जाणार? पुष्पाबाई सुट्ट्या टाकून जाऊ लागल्या. कुसुमचे केस गळायला लागले तेव्हा त्यांनीच तिच्या डोक्याला रुमाल बांधला.

एक दिवस डॉक्टर नाणावटी जरा मोकळे दिसले म्हणून त्यांनी विचारलं, "साहेब, कुसुमला महिना-दीड महिना उशीर झाला, तर त्यानं किती फरक पडतो?"

"ए कोण कही शके?" डॉक्टर म्हणाले, मग मराठीवर आले. "कधी काहीच नाही पडत, कधी पडतो. तेव्हाही काखेत दिसत होतं म्हणा. तरी उशीर चांगला नाहीच."

म्हणजे आपल्या हातून केवढा गुन्हा झाला, हे सांगणारंही जगात कुणी नव्हतं. किती कठीण ते मोजायला मशीन निघाली, पण हे मोजणारी कुठली निघणार? पुष्पाबाई त्या दिवशी जिन्यावर बसून पोटभर रडल्या.

तरीही त्या कदाचित गप्पच राहिल्या असत्या. पण कुसुमच्या घरात दुसरंच काही उभं राहिलं. कुसुम सगळ्यांना सांगायची, दिवाळीत काहीच नव्हतं, पुष्पाबाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं, जे झालं ते गावाहून आल्यावर. मग दत्तूनं हिशेब मांडला. लग्नात कुसुमनं पाण्याचे हंडे-गुंड उचलले होते, पोती ओढली होती, भावजयीचं आजारपण काढलं होतं. तिथंच मार बसला, तिथंच गाठ बिघडली, असं त्याच्या मनानं पक्कं घेतलं. साळा भेटायला म्हणून सुरतेला आला तर दत्तूनं त्याला उंबऱ्यावरूनच हाकललं. 'माझ्या बायकोला राबवून मारलं तुम्ही' असं सगळ्या गल्लीसमोर म्हणाला. भाऊ बिचारा लाडवांचा डबा खाली ठेवून रडत निघून गेला. कुसुम दारात उभी होती, तिला मधे पडायचीसुद्धा ताकद नव्हती.

पुष्पाबाईंनी ते भिंतीआडून ऐकलं. आता गप्प बसणं म्हणजे एका गरीब माणसाच्या माथी आपलं पाप मारणं होतं, एवढं त्यांना कळत होतं. दुसऱ्या दिवशी दत्तू कामावर गेल्यावर त्या कुसुमकडे गेल्या. कुसुम भिंतीला टेकून बसली होती. डिंकाची वाटी कोपऱ्यात वाळून पडली होती.

"कुसुम, मले तुले एक सांगाचं आहे," त्या म्हणाल्या. आणि त्यांनी सांगितलं. नवी मशीन, उलटे रंग, कॉलेजची मुलगी, काखेत दोनदा गेलेला डॉक्टरांचा हात, सगळं. काही राखून ठेवलं नाही.

कुसुमनं कोपऱ्यातली वाटी जवळ ओढून कडेचा वाळलेला डिंक नखानं खरवडला. मग म्हणाली, "म्हणजे तवाच होतं?"

"हो."

"आन् तू मले जाय म्हणलं."

"हो, माय."

"तू नसतं म्हणलं तं मी गेली नसती," कुसुम म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यात राग होता की नाही तेही कळत नव्हतं. पुष्पाबाई मान खाली घालून बसल्या होत्या. तिनं शिव्या द्याव्या, हाताला धरून बाहेर काढावं, काहीतरी करावं असं त्यांना वाटत होतं. त्याची तयारी करूनच त्या आल्या होत्या.

"मी दत्तूले सांगतो," पुष्पाबाई म्हणाल्या. "तुह्या भावाचा काही दोष नाई म्हणून सांगतो. मंग त्याले जे कराचं ते करू दे."

कुसुमनं मान हलवली. "नको सांगू."

"काऊन? तो भाऊ आहे तुहा. सख्खा भाऊ."

"भाऊ तठी गावाले आहे," कुसुम म्हणाली. "अश्विनीच्या बाबाले कळलं तं ते तुले माह्या दारात उभं राहू देणार नाईत. मंग दवाखान्यात माह्यासंग कोण येईन?" ती थांबली, डोक्यावरचा रुमाल तिनं सारखा केला. "मले तुह्यावर रागवता बी येत नाई व, पुष्पाबाई. रागवून जाऊ कुठं?"

कुसुम भिंतीला धरून उठली, स्टोव्हपाशी गेली आणि तिनं चहा ठेवला. चहा उकळला, तिनं दोन कप भरले आणि एक पुष्पाबाईंच्या पुढे सरकवला. नाही म्हणायला पुष्पाबाईंना तोंड नव्हतं. त्यांनी तो सगळा प्यायला.

"उद्या लवकर निघा लागते," कुसुम म्हणाली. "मागच्या वेळी लय गर्दी होती."